सोडियमच्या बरणीसाठी बारा बाटल्या

विश्वेश गायधनी सरांची प्रकृती ठणठणीत होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण एकदा गोष्ट सुरू झाली की यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आमच्या नाशकात तर अजूनही कुणाचा बसलेला नाही. वय सत्तावन्न, दात सगळे स्वतःचे, साखर नाही, रक्तदाब नाही, आणि सकाळी सहा वाजता... असो. सकाळी सहाचा विषय चारचौघांत काढण्याची वेळ कधी येईल असं त्या बिचाऱ्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गायधनी म्हणजे रामकुंडावर उपाध्येपण असलेलं घर. थोरले बाळाजीदादा अजून तिथेच असतात, यजमानांच्या सात पिढ्यांची नावं वहीतून काढून देतात. धाकटे विश्वेश मात्र केमिस्ट्रीत पडले आणि गंगापूर रोडवरच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं शिकवत राहिले. दादांना धाकट्या भावाचं कौतुक फार, पण तो नेमकं काय करतो ते त्यांना कधी नीट कळलं नाही. "आमचा विश्वेश औषधांचं बघतो," असं ते यजमानांना सांगत. हा गैरसमज पुढे किती महागात पडणार होता!

तर गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतला निवृत्ती धावत स्टाफरूममध्ये आला. निवृत्ती मूळचा नामपूरचा. एरवी नाशिकची मराठी बोलतो, पण घाबरला की सरळ अहिराणीत शिरतो.

"सर, बरणीतलं रॉकेल आटी गयं. एक तुकडा उघडा शे!"

सर चहा तसाच टाकून पळाले. सोडियम हा धातू मोठा तऱ्हेवाईक. त्याला हवा सोसत नाही, दमट हात सोसत नाही, आणि पाण्याशी तर उभा दावा. पाणी लागलं की पेटतो, मोठा तुकडा असेल तर काचा फोडून बाहेर येतो. म्हणून त्याला रॉकेलात बुडवून ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं, बरणी वाळूच्या ट्रेमध्ये ठेवायची आणि शेजारी पाण्याची नव्हे, वाळूची बादली. हे सगळं सरांनी वर्षानुवर्षं पाळलं होतं. पण मे महिन्यात झाकणाची रबरी चकती चिरली, कॉलेजला सुट्टी, आणि नाशिकच्या उन्हानं रॉकेल पिऊन टाकलं. बरणीत उरलं होतं ते दोन बोटं गढूळ पाणीदार... छे छे, पाणीदार म्हणायचं नाही! दोन बोटं गढूळ रॉकेल. त्यातून एका तुकड्याचं पांढरट पडलेलं डोकं वर आलं होतं.

सरांनी कोरडा चिमटा घेऊन तुकडा आडवा केला आणि प्राचार्या संध्या मॅडमकडे गेले. मॅडमच्या टेबलावर नेमकं त्याच दिवशी पत्र येऊन पडलेलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता सुरक्षा समिती प्रयोगशाळा तपासायला येणार.

"सर, सरळ सांगते," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी ती बरणी नियमाप्रमाणे दिसली तर ठीक. नाहीतर समिती नेऊन विल्हेवाट लावेल आणि मी पुन्हा सोडियम मागवणार नाही. मुलांना व्हिडिओ दाखवू. आता सगळीकडे तेच करतात."

सरांच्या पोटात गोळा आला. (हे पोटाचं वाक्य कृपया कुणी बाहेर सांगू नका.) कारण वर्षातून एकच तास असा असायचा की मुलं मोबाईल विसरायची. सर चष्मा, हातमोजे चढवून सोडियमचा तुकडा सुरीनं कापायचे. आत लख्ख चांदी! पाच-दहा सेकंद फक्त, मग ती डोळ्यांदेखत काळवंडायची. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा "सर, परत!" म्हणायची. पुढच्या वर्षी सर रिटायर होणार होते. आत्ता सोडियम गेलं की ते कायमचं गेलं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. व्हिडिओला कुणी "परत!" म्हणत नाही, बटण दाबतात.

"मॅडम, एक लिटर रॉकेल किंवा पॅराफिन तेल मागवू द्या. बस्स."

"मागवा की. खरेदी समितीपुढे अर्ज ठेवा. तीन कोटेशन्स जोडा. समितीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे."

शुक्रवारी सर रेशन ऑफिसात गेले. खिडकीमागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"घरी गॅस आहे ना?"

"आहे."

"मग रॉकेल कशाला?"

"सोडियमला."

बाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "हे नाव कार्डावर नाही."

"ते माणूस नाही हो! सोडियम. धातू."

"कुणी का असेना. नाव चढवायचं तर आधार आणि जन्मदाखला लागतो. आणि रॉकेल केव्हाच बंद झालंय. नाव चढवूनही मिळायचं नाही."

सर हात हलवत घरी आले. घरी कुसुमताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, सगळं ऐकून घेतलं आणि अगदी साधा तोडगा सांगितला. "अहो, लोणच्यासारखंच की. फोडी तेलाखाली बुडाल्या पाहिजेत. शेंगदाण्याचं तेल घाला, डबा भरलेला आहे."

"खाण्याचं तेल नाही चालत गं. सोडियम त्याचा हळूहळू साबण करून टाकील."

"मग लहान बरणीत भरा, आहे तेवढं रॉकेल पुरेल."

हे सरांनाही सुचलं होतं. पण तुकडे मुठीएवढे, लहान तोंडाच्या बाटलीत जाईनात. कापायचे म्हटलं तर कापताना बुडवायला तेल हवंच. आग लागली की विहीर खणायची, आणि इथे तर विहीर खणूनही उपयोग नाही.

तेवढ्यात सरांना आठवलं की औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं! शुद्ध, रंग नाही, वास नाही, पाण्याचा थेंब नाही. सोडियमला याहून चांगली गादी नाही. दुकानात ते कशासाठी विकतात, याचा विचार आनंदाच्या भरात त्यांच्या मनालाही शिवला नाही. इथेच चुकलं.

कोपऱ्यावर रवीचं मेडिकल. रवी सरांचाच जुना विद्यार्थी. शुक्रवारी संध्याकाळी काउंटरवर पाच-सहा माणसं उभी, त्यात सरांच्या सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथकाका आणि तळमजल्यावरच्या लताबाई.

"रवी, लिक्विड पॅराफिन दे. शंभर मिलीच्या बारा बाटल्या."

काउंटरवरच्या सगळ्या माना सरांकडे वळल्या. रवीनं आवाज खाली आणला, पण रवीचा खाली आणलेला आवाजही रस्त्यापलीकडे जातो.

"सर... किती दिवसांपासून?"

"किती दिवसांपासून काय?"

"नाही, म्हणजे बारा! सर, एवढं एकदम नका घेऊ. मी ते पांढरं मिक्श्चर देतो, रात्री दोन चमचे. सकाळी मोकळं."

"मिक्श्चर नको! त्यात पाणी असतं. पाणी चालणारच नाही. भडका उडेल!"

"भडका?" लताबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगंबाई! इतकं?"

सर ओरडून सांगू लागले की हे सोडियमसाठी आहे. रंगनाथकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हो हो, सोडियमसाठीच," ते म्हणाले आणि रवीला डोळा मारला. रवीकडे चार बाटल्या होत्या, उरलेल्या आठ शनिवारी दुपारी आल्या.

शनिवार सकाळपर्यंत सोसायटीच्या तिन्ही मजल्यांवर बातमी पोचली होती. आता उपदेशाचं काय असतं, माणसाला ताप आला तर लोक डॉक्टरकडे जा म्हणतात. पण पोट म्हटलं की प्रत्येक जण स्वतः डॉक्टर. कुणी एरंडेल सांगितलं, कुणी पपई, कुणी उकिडवं बसून कोमट पाणी. दूधवाला म्हणाला, "सर, टेन्शन घेता तुम्ही, म्हणून." रंगनाथकाकांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इसबगोलाचा फोटो टाकला, खाली नाव कुणाचं नाही, नुसते जोडलेले हात. सरांनी खाली लिहिलं, "मला बद्धकोष्ठ नाही." त्यावर अकरा जणांनी "काळजी घ्या सर" असं उत्तर दिलं. विद्वान माणसाची एवढी अप्रतिष्ठा! सरांनी फोन उशीखाली ठेवून दिला.

दुपारी संध्या मॅडमचा फोन. "सर, मला कळलं. तुम्ही संकोच करू नका. सोमवारी तुम्ही खुर्चीतच बसा, मध्ये उठावंसं वाटलं तर निवृत्ती सांभाळेल."

"मॅडम, मला काहीही झालेलं नाही!"

"माझ्या सासऱ्यांनीही पाच वर्षं असंच लपवलं," मॅडम हळहळून म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मात्र भलतंच सुरू झालं. साडेसहाला दाराची कडी हळूच वाजली. रंगनाथकाका. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आत आले. पाण्याचं बिल, लिफ्टची दुरुस्ती, सगळं बोलून झालं आणि मग उठता उठता म्हणाले, "सर, ते तुमचं सोडियमचं... एक बाटली मिळेल का? आमच्या एका मित्राला हवंय."

"काका, ते खरंच सोडियमसाठी आहे हो."

"मित्राचंही सोडियमच आहे," काका खाली मान घालून म्हणाले.

त्या मानेकडे पाहून सरांना नाही म्हणवेना. दहा-साडेदहा बाटल्यांत बरणी भरणार होती. एक दिली. अर्ध्या तासानं लताबाई आल्या, वाटीभर कोथिंबीर घेऊन. त्यांना बोलायलाच जमेना. कुसुमताईंनीच ओळखून दुसरी बाटली कोथिंबिरीच्या वाटीत झाकून दिली. "आठ वर्षं झाली हो," लताबाई दारात हळूच म्हणाल्या. "सांगणार कुणाला?" तिसऱ्यासाठी मात्र सरांनी दार उघडलं नाही. मग लोक रवीकडे गेले. केमिस्ट्रीचे सर बारा-बारा बाटल्या नेतात म्हणजे वस्तू अस्सल असणार, असा हिशोब झाला आणि रवीनं रविवारी मागवलेला मालही दुपारपर्यंत संपला. सर्वांनी तो मित्रांसाठीच नेला, हे सांगायला नकोच.

रविवारी सर आणि निवृत्ती कॉलेजात नवी बरणी धुऊन, भट्टीत कोरडी करून, नवी चकती बसवत होते. आणि इकडे घरी बाळाजीदादा आले. बातमी गोदावरी ओलांडून पंचवटीत गेली होती! कुसुमताई चहा टाकायला आत वळल्या. दादांनी टेबलावर मांडलेल्या दहा बाटल्या पाहिल्या आणि त्यांचं काळीज गलबललं. धाकटा भाऊ, एवढं औषध, आणि गुण नाही! गायधन्यांच्या घरात औषध असो, नवी गाडी असो की परीक्षेचं पेन असो, रामकुंडाच्या तीर्थाशिवाय काही सुरू होत नाही. दादांनी पिशवीतून तांब्या काढला, एकेक बाटली उघडली, मृत्युंजय म्हणत पळीपळी तीर्थ घातलं आणि हलवून बूच लावलं. सहा बाटल्या झाल्या, तेवढ्यात चहा आला. दादा काही बोलले नाहीत. केलेलं पुण्य बोलून दाखवायचं नसतं.

सोमवारी नऊ वाजता सर प्रयोगशाळेत हजर. आता सर होते शिस्तीचे. दुकानातलं असलं तरी तपासल्याशिवाय ते वापरत नाहीत. मोरचूद तापवलं की पांढरं पडतं आणि पाण्याचा अंश मिळाला की पुन्हा निळं होतं. सरांनी पहिल्या बाटलीतलं थोडं तेल परीक्षानळीत घेतलं, पांढरी पूड टाकली, हलवलं.

निळं!

दुसरी निळी. तिसरी निळी. सहा नळ्या एका रांगेत निळ्याशार. सर मटकन स्टुलावर बसले. हे तेल तसंच सोडियमवर ओतलं असतं तर? निवृत्ती शेजारी उभा होता. सरांनी नळ्या त्याच्या हाती दिल्या. त्यांनी घरी फोन लावला.

"बाटल्यांना कुणी हात लावला?"

"कुणी नाही हो. काल दादा आले होते फक्त. तुमच्यासाठी काहीतरी पुटपुटत..." आणि कुसुमताईंच्या लक्षात आलं. "अगंबाई! तांब्या होता त्यांच्याजवळ!"

सर रागावलेसुद्धा नाहीत. दादावर काय रागावणार? "चारच बाटल्या चांगल्या आहेत," ते म्हणाले. "रवीकडे बघ."

"रवीकडे एक नाही. सगळ्या आपल्याच बिल्डिंगमध्ये आहेत."

"मग राहू दे. कोण कबूल होणार? गेलं सोडियम." फोन ठेवताना सरांचा आवाज इतका बसला होता की कुसुमताईंनी गॅस बंद केला आणि चपला पायात सरकवल्या.

अकराच्या ठोक्याला समिती आली. तीन माणसं, पुढे अध्यक्ष. चेहरा असा की हसणं नियमात बसत नसावं. मागून संध्या मॅडम, हातात सरांसाठी उशी. अध्यक्षांनी वाळूची बादली पाहिली, चष्मे पाहिले, पंखा पाहिला, सगळ्यावर बरोबरच्या खुणा केल्या. मग बरणीपाशी थांबले.

"धातूच्या वर दोन बोटं तेल हवं. इथे धातूच वर आहे."

"चारशे मिली आहे साहेब, उरलेलं..." सरांनी चार चांगल्या बाटल्या पुढे सरकवल्या.

"काय ठरलंय? नेऊ आम्ही?" अध्यक्षांनी पेन उघडलं.

तेवढ्यात दारात गलका झाला. शिपाई अडवत होता आणि त्याला बाजूला सारून रंगनाथकाका आत आले, हातात भाजीची पिशवी. मागे लताबाई, त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरचे दोघे, आणि सर्वांत शेवटी धापा टाकत कुसुमताई. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ उघडायला कुसुमताईंना तीन मजले चढावे लागले होते. पहिल्या चार दारांनी "आमच्याकडे? छे!" म्हटलं होतं. पाचव्या दारातून रंगनाथकाकांनी सगळं ऐकलं आणि ते जिन्यात उभे राहून ओरडले होते, "आपल्यापायी त्या माणसाचं सोडियम जातंय! काढा बाटल्या बाहेर!"

"तुम्ही कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

रंगनाथकाकांनी घसा साफ केला. तेवीस वर्षं सोसायटीच्या सभेत भाषणं केलेला माणूस, पण आज शब्द सापडेना. मग छाती काढून म्हणाले, "आम्ही बद्धकोष्ठाचे पेशंट."

आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. आठ बाटल्या. काही पूर्ण, काही अर्ध्या. प्रत्येकीवर घरच्या कुणाला कळू नये म्हणून काही ना काही लिहिलेलं. एकीवर 'मशीनचं तेल', एकीवर 'केसांसाठी', लताबाईंच्या बाटलीवर नुसतं 'विष'.

सरांनी एकेक तपासली. आठही नळ्यांतली पूड पांढरी ती पांढरीच. मग त्यांनी चष्मा लावला, हातमोजे चढवले, कोरड्या चिमट्यानं एकेक तुकडा नव्या बरणीत उतरवला आणि वर तेल ओतलं. चार चांगल्या बाटल्या गेल्या, मग मशीनचं तेल गेलं, केसांचं गेलं, विष गेलं. तेल धातूच्या वर चढलं, एक बोट, दीड बोट. काकांनी शेवटची बाटली उलटी धरून थेंबन् थेंब निथळू दिला. निवृत्तीनं पट्टी लावली.

"दोन बोटं, सर. वर अजून जरा हाय."

अध्यक्षांनी वाकून पाहिलं, पेननं खूण केली, सही केली. सोडियम राहिलं! सरांना वाटलं, जाऊन काकांना मिठी मारावी. पण सही झाल्यावर अध्यक्ष सरळ झाले, त्यांची नजर त्या रिकाम्या बाटल्यांवरून त्या चार माणसांवर गेली, आणि इतका वेळ नियमात अडकलेलं हसू एकदम फुटलं. बाकीचे दोघेही हसले. "म्हणजे सगळी बिल्डिंगच?" अध्यक्ष म्हणाले. "कमाल आहे!"

लताबाईंचा चेहरा पडला. त्या पदर ओढून कुसुमताईंच्या मागे सरकल्या. रंगनाथकाका टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

चार दिवस सरांनी एकच गोष्ट सगळ्या नाशकाला ओरडून सांगितली होती. आज पुरावा टेबलावर होता, साक्षीदार हजर होते, प्राचार्याही उशी घेऊन समोर उभ्या होत्या. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं की गेलेली अब्रू परत. सरांनी हातमोजे काढले.

"हसू नका, साहेब," ते म्हणाले. "मलाही तोच त्रास आहे. या सगळ्यांच्या आधीपासून. पहिल्या बारा बाटल्या मीच आणल्या."

हसू थांबलं. अध्यक्षांनी कागद गोळा केले. रंगनाथकाकांनी मान वर केली आणि सरांकडे असं पाहिलं की सरांना खिडकीबाहेर बघावं लागलं.

"मी म्हटलंच होतं," संध्या मॅडम म्हणाल्या आणि उशी खुर्चीवर ठेवली.

संध्याकाळी सर दमून घरी आले. कुसुमताईंनी पाणी दिलं. एकतीस वर्षांच्या संसारात त्या माणसाचं सकाळी सहाचं घड्याळ कधी चुकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार?

"लताबाई आत्ताच येऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, झोपताना गरम दुधात चमचाभर तूप द्या सरांना, त्यांना नक्की बरं वाटेल. देऊ?"

"दे," सर म्हणाले.